एक बादली, एक फडकं आणि आमची गल्ली

गाडी धुणारा माणूस गप्प बसत नाही, हे मी अनुभवानं सांगते. हात कामात असतात, डोकं रिकामं असतं, आणि समोरच्या गेटात दुसरं कुणीतरी तेच करत उकिडवं बसलेलं असतं. मग बोलणं निघतंच. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ हा कार्यक्रम चालतो, आणि त्यातून एवढे किस्से साठलेत की माझा फुलंब्रीचा भाऊ फोन करतो तेव्हा तब्येत नंतर विचारतो. आधी विचारतो, "गल्लीत काय नवीन?"

बाहेरगावच्या माणसाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा आलं तरी तो आठवडा चांगला गेला म्हणायचं. त्यामुळं नळाला पाईप लावून गाडी धुणं म्हणजे चारचौघांत शिवी देण्यासारखं. तसं कुणी केलंच, तर लोक भांडत नाहीत. नुसते आपापल्या गेटाशी येऊन उभे राहतात आणि बघतात. कपडे खळबळून उरलेलं पाणी, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, हे ड्रममध्ये साठवायचं आणि रविवारी त्यात गाडी धुवायची, अशी रीत आहे.

माझी स्कूटी मीच धुते. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जातो. रविवारी तो झोपतो, आणि झोपू द्यावं इतका दमलेला असतो. सुरुवातीला येणारा-जाणारा हमखास विचारायचा, "साहेब नाहीत का घरी?"

"आहेत ना. झोपलेत."

एवढं ऐकलं की तो माणूस माझ्याकडं दयेनं बघायचा आणि आमच्या घराकडं रागानं.

*

एका रविवारी जुना ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून मी काम करत होते. मागच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेले एक गृहस्थ चालत आले, थांबले, जरा वेळ माझं काम बघितलं.

"मावशी, इकडच्या सगळ्या गाड्या तुम्हीच करता का? आमची कार आहे. दर रविवारी जमेल?"

मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा कमरेची ओढणी सोडायला लागले. समोर जोशीकाका त्यांची स्कूटर पुसत बसले होते. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी मानही वर केली नाही.

"त्यांच्याकडं वेटिंग आहे," ते म्हणाले. "नाव लिहून जा."

त्या गृहस्थांनी खरंच काकांना नाव आणि घर नंबर सांगितला. काकांनी तो वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला.

दोन महिन्यांनी आमच्या शाळेत पालकसभा होती. मी पाचवीची वर्गशिक्षिका. समोरच्या खुर्चीत तेच गृहस्थ येऊन बसले. मुलाचं अक्षर, मुलाचं गणित, सगळं बोलणं नीट झालं. उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ते नाव तेवढं काढून टाका."

*

जोशीकाका अख्खी स्कूटर एका बादलीत धुतात, आणि त्यातलं तिसरा हिस्सा पाणी परत घेऊन जातात. ते कसं, हे मी कितीदा तरी बघितलंय. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पिळलेलं. वरून खाली. चाकं शेवटी. "गाडीला आंघोळ घालायची नसते," ते म्हणतात, "तिचं अंग पुसायचं असतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारी साळुंके नावाचं तरुण जोडपं पुण्याहून राहायला आलं. साळुंके इंजिनिअर, नवी कोरी लाल कार. आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गाडी धुवायचं मशीन मागवलं. रविवारी ते बाहेर काढलं तेव्हा आम्ही सगळे आपापलं काम सोडून बघायला उभे.

काकांनी एकच प्रश्न विचारला. "टाकी केवढी आहे तुमची?"

"काका, ह्या मशीनला पाणी फार कमी लागतं."

मशीन सुरू झालं. आवाज असा, की चौकापर्यंत कुत्री भुंकायला लागली. साळुंक्यांनी आधी गाडीवर फेस मारला. लाल गाडी पांढरी झाली, टायरसुद्धा दिसेनात. मग फेस धुवायला त्यांनी बटण दाबलं आणि मशीन खोकलं. दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

तेवढ्यात वरच्या बाथरूमच्या खिडकीतून मिसेस साळुंक्यांचा आवाज आला. "अहो, पाणी गेलं."

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"अहो, डोळ्यात शाम्पू गेलाय माझ्या!"

गाडीही फेसात, बायकोही फेसात, आणि साळुंके हातात मशीनची ती पाण्याची बंदूक घेऊन उभे. शेखभाभी पलीकडच्या घरातून दोन बादल्या घेऊन निघाल्या आणि थेट जिना चढल्या. म्हणजे वरचं निभावलं. खाली एप्रिलचं ऊन, फेस वाळायला लागला होता.

जोशीकाकांनी आपली एक बादली उचलून साळुंक्यांच्या पायाशी आणून ठेवली.

"घ्या. ह्यात माझी स्कूटरही व्हायची आहे अजून."

*

काकांचाच एक बारका किस्सा. स्कूटरचे आरसे त्यांनी असे चमकवलेले असतात की शेजारचा माणूस तिथं दाढी करेल. मागं काका-काकू वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेले. दर्शन घेऊन बाहेर येतात तो एक वानर स्कूटरच्या हँडलवर बसून आरशात बघतंय. तोंड डावीकडं वळवून, उजवीकडं वळवून, मिशीपाशी हात नेऊन.

काका पिशवी धरून शांतपणे उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

काकू म्हणाल्या, "हाकला की त्याला."

काका म्हणाले, "आवरू दे त्याचं. तुझ्यासाठी थांबतोच की मी रोज."

*

गल्लीच्या टोकाला गायकवाड सुभेदार राहतात. नोकरीची शेवटची वर्षं छावणीत काढली आणि मग इथंच घर घेतलं. गाडी धुऊन झाली की ते खिशातला पांढरा रुमाल काढून मडगार्डच्या आतून फिरवतात. रुमाल पांढरा राहिला तर स्वतःलाच म्हणतात, "ठीक आहे." कधीमधी आमच्या गाड्यांवरूनही रुमाल फिरतो. त्यांचं "ठीक आहे" ज्याला मिळतं तो दिवसभर खुशीत असतो. मला सहा वर्षांत दोनदा मिळालंय.

माझा भाऊ संतोष शेती करतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळीच तो मक्याची कणसं घेऊन आला. आमच्या गेटासमोर जागा नव्हती म्हणून गाडी सुभेदारांच्या घरापाशी लावली, गावच्या सवयीनं लॉक न करताच. त्याची गाडी पांढरी, सुभेदारांचीही पांढरी, कंपनी तीच, मॉडेल तेच. सुभेदारांची स्वतःची गाडी त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, म्हणजे गायकवाडकाकूंनी, वळणावरच्या लिंबाखाली लावलेली होती, हे सुभेदारांना माहीत नव्हतं.

ते बादली घेऊन बाहेर आले आणि गाडी बघून जागच्या जागी थांबले. मग घराकडं तोंड करून विचारलं, "काल कुठं नेली होती गाडी?"

आतून काकू म्हणाल्या, "भाजी आणायला."

"शेतातून उपटून आणली का भाजी?"

सुभेदारांनी बाह्या सरसावल्या. तासभर ती गाडी धुतली. चाकांच्या फटींत जुन्या टूथब्रशनं घासलं. पायाखालचे रबरी मॅट काढून आपटले. पाणी संपलं तेव्हा घरातून दुसरी बादली मागवली. शेवटी रुमाल फिरवला. "ठीक आहे," म्हणाले.

तेवढ्यात संतोष चहा पिऊन बाहेर आला. गाडी बघून त्याचे पाय थबकले. हात जोडत तो पुढं गेला. "साहेब, तुम्ही कशाला एवढं... लई लाजवलं तुम्ही."

सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलं. मग नंबर प्लेटकडं बघितलं. परत त्याच्याकडं बघितलं.

"पाहुण्याची गाडी आहे," ते म्हणाले. "आपली पद्धत आहे ही."

संतोष डोळे पुसत फुलंब्रीला गेला. सुभेदारांनी रिकामी बादली उचलली, ड्रममधून तळाचं पाणी भरलं आणि वळणावर आपली गाडी दिसली तसे लिंबाच्या दिशेनं चालायला लागले. काकू दारात आल्या. "आता कुठं?"

"दुसरा पाहुणा आलाय."

संतोषला मी अजून खरं सांगितलेलं नाही. त्यानंतर तो लागोपाठ चार रविवार आला. बहिणीची आठवण येते म्हणतो.

*

शेखसर गणित शिकवतात, आणि त्यांची मुलगी निलोफर आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढली. तिचं लग्न जालन्याला झालं. लग्नानंतर जावई, इम्रान, पहिल्यांदा जेवायला येणार म्हणून शेखभाभींची आठ दिवस धांदल. वीस माणसांचा स्वयंपाक. घरातलं पाणी त्यातच संपलं, आणि नळाला पाणी येऊन आठवा दिवस.

रस्त्याचं काम चालू होतं. इम्रानची गाडी अशी आली की तिचा रंग सांगता येईना. बिचाऱ्याला स्वतःलाच लाज वाटली असावी, कारण त्यानं ती घरापुढं न आणता गल्लीच्या तोंडाशी लावली आणि निलोफरला घेऊन चालत आत आला.

सुभेदारांनी ते बघितलं. ते माझ्या गेटाशी आले. "जावयाची गाडी तिथं अशी उभी आहे. बरं दिसतं का?"

कुणाच्याच घरात पाणी नव्हतं. तरी मी ड्रम तिरका करून अर्धी बादली काढली. जोशीकाकांनी त्यांचा तिसरा हिस्सा आणला. साळुंके दोन्ही हातांत घरातल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. उंच म्हणून साळुंक्यांना टप, काकांना काचा, सुभेदारांना चाकं, मला दारं. आत जेवणं चालू होती, म्हणून आम्ही कुजबुजत काम केलं. पाऊण तासात गाडी निळी निघाली.

जेवण करून इम्रान बाहेर आला. शेखसर आणि निलोफर त्याला गाडीपर्यंत सोडायला आले. तो निळ्या गाडीच्या पुढं गेला, थांबला, डावी-उजवीकडं बघितलं.

"अब्बा, गाडी तो मैं यहीं लगाया था."

शेखसरही इकडंतिकडं बघायला लागले. "कौनसे रंग की है?"

इम्राननं विचार केला. "मिट्टी के रंग की."

आम्ही चौघं फडकी पाठीमागं लपवून उभे. निलोफरनं आमच्याकडं बघितलं, मग नवऱ्याच्या हातातली किल्ली घेऊन दाबली. निळ्या गाडीचे दिवे लुकलुकले. इम्रान जवळ गेला, बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. शेखसरांनी चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकानं बराच वेळ पुसत बसले.

निलोफर म्हणाली, "चलो अब. और खडे रहे तो ये लोग तुमकू भी धो डालेंगे."

*

आता आमच्या घरातलं सांगते. अप्पा, म्हणजे माझे सासरे, बसवर ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. दिवाळी झाल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं, दोन महिन्यांत पाय चालायला लागला. उजवा हात मात्र तसाच राहिला. मांडीवर ठेवला की तिथंच.

फिजिओथेरपीच्या मॅडम दर मंगळवारी घरी यायच्या. त्यांनी एक पिवळा रबरी बॉल दिला. सकाळ-संध्याकाळ पन्नास वेळा दाबायचा. अप्पांनी दोन दिवस दाबला आणि खिडकीत ठेवून दिला. "लेकराचं खेळणं हाय ते," म्हणाले. प्रकाश समजावून थकला, एकदा चिडला, एकदा पाया पडला. उपयोग झाला नाही.

अप्पा डाव्या हातानं जेवायचे आणि सांडायचं. म्हणून आमच्यात बसून जेवणं त्यांनी बंद केलं. ताट खोलीत मागायचे, दार लोटून घ्यायचे. सगळ्यात वाईट मला त्याचं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी स्कूटी धूत होते आणि अप्पा पोर्चमध्ये खुर्चीवर बसले होते. माझं झालं तसं ते म्हणाले, "मडगार्ड राहिलं."

"पुसलं की, अप्पा."

"आतून नाय पुसलं."

भिंतीला धरत ते उठले आणि स्कूटीपाशी आले. तोल सावरायला डाव्या हातानं हँडल धरावं लागलं. मग फडकं उरलेल्या हातात घेण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या ते लक्षात आलं. दूध उतू जातंय असं काहीतरी बोलून मी आत पळाले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. एका मडगार्डला अर्धा तास लागला. फडकं चारदा पडलं. चारदा त्यांनी उचललं.

पुढच्या रविवारी मी बादली ठेवली आणि बाजूला झाले. मग मधल्या वारीही अप्पा विचारायला लागले, "गाडी घाण झाली का ग?" इथं अडचण आली. घरापासून शाळेपर्यंत डांबरी रस्ता. गाडी घाण होणार कशानं? अप्पा बाहेर येऊन बघायचे. "साफच हाय," म्हणायचे आणि परत खुर्चीत. हात मांडीवर.

मग मी वाट वाकडी करून, पाइपलाइनसाठी खणलेल्या रस्त्यानं घरी यायला लागले. मार्चमध्ये तो रस्ताही बुजवला. एप्रिलमध्ये शहरात औषधाला चिखल नव्हता. शेवटी शनिवारी शाळेतून आले की मी घराच्या मागं गाडी थांबवायची, कोरफडीच्या कुंडीतली माती डब्यात कालवायची आणि हातानं सगळ्या स्कूटीला फासायची. एकदा साळुंक्यांनी मला गच्चीवरून बघितलं. मी ओठावर बोट ठेवलं. पुढच्या शनिवारी त्यांनी काहीही न विचारता माझ्या हातात एक पिशवी दिली. "काळी माती आहे. चिकट. लवकर निघणार नाही."

मे महिन्यात अप्पा फडकं पिळायला लागले. आधी नुसतं दाबलं जायचं, थेंब पडायचे. मग पीळ बसायला लागला. एका रविवारी गाडी पुसून, हात धुऊन ते आत आले आणि आम्ही जेवायला बसलो होतो तिथंच येऊन बसले. उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. वेळ लागला, पण मोडला. प्रकाश एकदम उठला आणि पाणी आणतो म्हणून आत गेला. तांब्या त्याच्यासमोरच होता.

त्या मंगळवारी मॅडमनी अप्पांचा हात वर केला, खाली केला, बोटं उघडून-मिटून बघितली. "बाबा, छान सुटलाय हात. बॉल किती वेळा दाबता?"

"नाय दाबत."

"मग एवढा फरक कसा पडला?"

अप्पांनी माझ्याकडं हात केला. "हिची गाडी लई घाण राहती."

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली मान घातली.

मागच्या रविवारी अप्पांनी सगळी स्कूटी पुसली, फडकं पिळलं, झटकलं आणि हँडलवर वाळत घातलं. मग मला हाक मारली. "संगीता, इकडं ये."

मी गेले. त्यांनी आरशावर बोट ठेवलं. "इथं चिखल कुठून आला?"

"शाळेच्या रस्त्यानं, अप्पा."

"शाळेच्या रस्त्यानं व्हय."

"हो."

"एकतीस वर्षं गाडी चालवली म्या. चिखल खालून उडतो. आरशाच्या काचंवर नाय बसत."

अप्पा भिंतीला न धरता पायरी चढले आणि दारात थांबले.

"पुढच्या शनवारी चाकाला जास्त लाव," म्हणाले. "खाली वाकलं की कंबर बी मोकळी व्हती."